अमेरिकेतले ज्यू झायोनिस्ट काँग्रेससाठी मतदान करतात, म्हणजे ते इस्रायलचं सरकार निवडतात का?

नाही. इस्रायलचं सरकार कनेसेटमधून, म्हणजे तिथल्या संसदेतून येतं आणि कनेसेटसाठी मत द्यायला इस्रायलचं नागरिकत्व लागतं. जागतिक झायोनिस्ट काँग्रेस ही वेगळी सभा आहे, आणि वयाने इस्रायलपेक्षा पन्नास वर्षांनी थोरली. झायोनिझम म्हणजे ज्यूंना त्यांच्या प्राचीन भूमीत स्वतःचं राष्ट्र असावं, ही चळवळ. थिओडोर हर्झल यांनी तिचं पहिलं अधिवेशन ऑगस्ट १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला भरवलं.

मी अलिबागकडची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, वाढले ठाण्यात, आता न्यू जर्सीत असते. २०२५ मध्ये मी या निवडणुकीत मत दिलं. वय अठरा पूर्ण हवं, आपण ज्यू हवं, अमेरिकेत कायमचं वास्तव्य हवं आणि आधीच्या कनेसेट निवडणुकीत मत दिलेलं नसावं. पाच डॉलर शुल्क भरायचं आणि ‘जेरुसलेम कार्यक्रम’ मान्य असल्याचं जाहीर करायचं. झायोनिझमची मूळ तत्त्वं त्यात मांडलेली आहेत. ज्या ज्यूंना झायोनिझमच पटत नाही, ते इथेच बाजूला होतात. मत एकेका उमेदवाराला नसतं, एखाद्या गटाने दिलेल्या उमेदवारांच्या यादीला असतं, आणि जागा मतांच्या प्रमाणात मिळतात.

पाचशेहून जास्त जागांपैकी साधारण ३८ टक्के इस्रायलच्या, २९ टक्के अमेरिकेच्या, बाकीच्या उरलेल्या जगाच्या. इस्रायलमध्ये यासाठी वेगळं मतदान होत नाही, कनेसेटमधल्या पक्षांच्या बळावर जागा ठरतात. अश्दोदला राहणाऱ्या माझ्या मामांसमोर म्हणूनच ही मतपत्रिका कधी येत नाही. पुष्कळ देशांत तर निवडणूकच होत नाही, संघटना आपसात जागा वाटून घेतात. मला हे अजिबात पटत नाही.

मग ही सभा करते काय? पैसा आणि जमीन यांवर तिचा हात आहे. १९०१ मध्ये पाचव्या काँग्रेसने जमीन विकत घेण्यासाठी केरेन कायेमेत हा निधी उभारला. आज इस्रायलच्या सुमारे १३ टक्के जमिनीची मालकी त्या संस्थेकडे आहे. तिच्या आणि ज्यूंना इस्रायलमध्ये आणून वसवणाऱ्या ज्यू एजन्सीच्या कारभारात कोण बसणार, हे बऱ्याच अंशी इथल्या बळाबळावर ठरतं. वेस्ट बँकेतल्या वसाहतींसाठी पैसा जावा की नाही, रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या ज्यू धर्मातल्या कमी कर्मठ पंथांच्या इस्रायलमधल्या कामाला मदत मिळावी की नाही, यावर खरी झुंज होते. ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरा काटेकोर पाळणाऱ्या ज्यूंच्या याद्या गेल्या काही वर्षांत जोमाने उतरल्या त्या यामुळेच. अमेरिकेत २०१५ मध्ये छप्पन्न हजारांवर मतं पडली होती, २०२० मध्ये सव्वा लाखाच्या आसपास, आणि २०२५ मध्ये दोन लाखांच्या वर. या वेळी बनावट मतंही सापडली आणि रद्द झाली. पण अमेरिकेत ज्यू सत्तर लाखांहून जास्त आहेत, त्या मानाने हा आकडा फारच लहान आहे.

आमच्या लोकांचा या सभेशी संबंध पहिल्यापासूनचा आहे. १८९७ मध्ये मुंबईच्या बेने इस्रायलांनाही आमंत्रण आलं होतं. त्या भूमीकडे परतीची वाट देवच दाखवील, अशी त्यांची श्रद्धा होती, म्हणून त्यांनी ते नाकारलं. पुढे हजारो कुटुंबं कोकणातून आणि मुंबईतून इस्रायलला गेली. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या कचेरीने आमच्या ज्यूपणावरच शंका घेतली. लग्न लावण्याआधी आमच्या माणसांच्या पूर्वजांची चौकशी करायचा फतवा निघाला. आमची माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये कनेसेटने ठराव करून बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचं सांगितलं.

रब्बींचे अधिकार या काँग्रेसच्या हातात नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी ज्यू कोण हे एकाच पंथाने ठरवू नये, असं मानणाऱ्यांना तिथे बळ मिळावं, असं मला मनापासून वाटतं. मी रिफॉर्म यादीला मत दिलं. अमेरिकेत तीच यादी या वेळीही पहिली आली.