दोन राउंडमध्ये आडवा झालेला टी-रेक्स

प्रश्न: दादा, आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गोष्टीत शिरायचा फाशांचा खेळ) ग्रुप दर रविवारी सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये बसतो, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि राक्षस खेळवणारा, मीच. मागच्या सेशनला मोठ्या हौसेने टी-रेक्स आणला, पुस्तकातला जसाच्या तसा, आणि पाच जणांनी मिळून दोन राउंडमध्ये आडवा केला, वर एक जण म्हणतो हा डायनोसॉर होता का कोंबडी. एचपी, म्हणजे मार सोसायची ताकद, डबल करू का? आणि आपल्या इकडचा एखादा जुना प्राणी आहे का, ज्याचा राक्षस करता येईल?
— एक डीएम, घाटकोपर

उत्तर: कोंबडी म्हणणारा तसा चुकला नाहीये रे, पक्षी डायनोसॉरांचेच वंशज, तेवढं त्याला माफ कर.

पण एचपी डबल नको. 2014च्या नियमांत टी-रेक्सला 136 एचपी आहेत, तू 272 केलेस तर दोन राउंडचं काम चार राउंड चालेल, म्हणजे वडापाव गार होईपर्यंत नुसती किराणाची वही, किती लागलं, किती उरलं. खरी गोची अशी की तिकडे पाच जण, त्यांचे पाच टर्न, आणि तुझा बिचारा एकटा, मोकळ्या मैदानात तोंड उघडून उभा. आरेतला बिबट्यासुद्धा पाच माणसं दिसली की झाडीत शिरतो, मग याने काय पाप केलंय?

मी काय करतो, हाडांवरून त्या प्राण्याची एक सवय पकडतो आणि त्या एका सवयीचा एकच नियम करतो, बास. आपल्याकडचा म्हटलं की सगळे राजासॉरसवर उडी मारतात, नर्मदेच्या खोऱ्यातला डायनोसॉर, 2003मध्ये नाव मिळालेला, डोक्यावर बुटकं शिंग वगैरे. छान आहे, पण तोही मैदानात उभा केलास तर तसाच मरेल.

मी वासुकी काढला असता, जुना अजस्र साप. कच्छच्या पानंध्रो लिग्नाइट खाणीत 27 मणके मिळाले, 2024मध्ये वासुकी इंडिकस असं नाव दिलं, लांबीचा अंदाज 11 ते 15 मीटर, म्हणजे बेस्टची मोठी बस आणि वर थोडं. हा साधारण 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर संपून बराच काळ लोटल्यानंतरचा. अंगाने जाड, चालीने हळू, दलदलीत दबा धरून आवळणारा असावा असं अभ्यासकांना वाटतं. ही सवय!

आता टेबलवर गोल टोकन ठेवू नकोस. पायजम्याची नाडी घे. चौकोन आखलेल्या मॅटवर एक इंच म्हणजे खेळातले पाच फूट, 15 मीटर म्हणजे जवळजवळ 50 फूट, तेव्हा 10 इंच नाडी काप आणि एका टोकाला गाठ मार, ते डोकं. मॅटच्या अर्ध्या भागावर निळा रुमाल टाक, ती दलदल, नाडीचा बराचसा भाग रुमालाखाली. सापाच्या टर्नला डोकं फक्त चार चौकोन सरकतं, बाकीचं अंग मागून ओढत आणायचं, आणि ज्याच्याभोवती वेढा पूर्ण झाला तो अडकला, मग दर टर्नला वेढा आवळत जायचा. परळला आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा आमचा रॉग, म्हणजे चोराचं पात्र घेतलेला गडी, वीस मिनिटं शेपटीलाच डोकं समजून मारत होता आणि गाठ चहाच्या कपाच्या आडून त्याच्या पाठीशी येऊन पोचली होती. एचपी मी वाढवले नव्हते.

अजून एक, तो प्राणी तिथे का आलाय ते ठरव. गुजरातमध्येच ढोली डुंगरीला डायनोसॉरच्या घरट्यात साडेतीन मीटरचा साप दगड होऊन सापडलाय, सानाजे इंडिकस, फुटलेल्या अंड्याला वेढा घालून बसलेला, बाजूला डायनोसॉरचं अर्धा मीटरचं पिल्लू. गंमत म्हणजे आधी ती सगळी हाडं पिल्लाचीच वाटली होती, साप आहे हे बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं. तुझ्या प्लेयर्सनाही तसंच दाखव की, आधी फक्त अंडी, आणि कुणीतरी हात घातला की मग बाकीचं. आणि अर्धे एचपी गेले की प्राणी पळाला पाहिजे. खेळाच्या जुन्या बेसिक नियमांत मोराल, म्हणजे प्राण्याच्या धीराचा आकडा, असायचं, दोन डी-6, म्हणजे सहा बाजूंचे फासे, टाकायचे, मोरालच्या आकड्यापेक्षा जास्त आले की प्राण्याने धूम ठोकली. ते परत आण.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये एक जण जिऑलॉजी शिकलेला आहे. मी डायलोफोसॉरस या डायनोसॉरला विष थुंकायला लावलं तर त्याने अर्धा तास सेशन थांबवून लेक्चर दिलं. काय करू?
— विलेपार्ल्याहून

उत्तर: ताई, तो बरोबर आहे, आणि वैतागवाणाही आहे. हाडांमध्ये विषाचा किंवा 'ज्युरासिक पार्क' सिनेमातल्या मानेभोवतीच्या त्या पंख्याचा काहीच पुरावा नाही, आणि प्राणी चांगला सहा-सात मीटरचा होता. थुंकवायचंच असेल तर सरळ नाव बदला, गावकरी त्याला 'थुंक्या' म्हणतात म्हणा, विषय संपला. आणि पुढचा राक्षस त्यालाच बनवायला सांगा, स्टॅट ब्लॉक, म्हणजे राक्षसाच्या आकड्यांचा तक्ता, लिहायला बसला की माणूस आपोआप गप्प होतो.

प्रश्न: आम्ही कॉलेजवाले, मिनिएचरला, म्हणजे टेबलवरच्या छोट्या पुतळ्यांना, पैसे नाहीत. आणि मुंबईतच सापडलेलं असं काही आहे का?
— वरळीची गँग

उत्तर: अरे, या खेळातले आउलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर हे राक्षस आले कुठून? खेळाच्या निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने आणलेल्या हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून! तेव्हा क्रॉफर्ड मार्केटची डायनोसॉरची पिशवी आणा आणि लाजू नका.

आणि मुंबईचं म्हणाल तर तुमच्याच वरळीच्या टेकडीतला बेडूक आहे. 1842मध्ये डायनोसॉर हे नाव ज्यांनी काढलं त्या रिचर्ड ओवेन यांनीच 1847मध्ये त्याचं वर्णन केलं, आज त्याला इंडोबॅट्राकस पुसिलस म्हणतात. इवलासा, त्याला मोठा करून राक्षस केलात तर मी बोलणार नाही तुमच्याशी. दख्खनचा लाव्हा थरावर थर येत होता, मधल्या शांत काळात तळी साचायची, त्यात हे बेडूक राहायचे. म्हणजे राक्षस लाव्हा आहे, बेडूक घड्याळ. नकाशासाठी अंधेरीची गिल्बर्ट हिल बघून या, तशाच थिजलेल्या लाव्हाचे काळे खांब, सुमारे 60 मीटर उंच.

टेबलवर सहा शेंगदाणे ठेवायचे, म्हणजे सहा बेडूक ओरडतायत. दर राउंडला एक उचलून खायचा, तोंडाने एक अक्षर बोलायचं नाही, सहावा संपला की लाव्हा आला. माझ्याकडे प्लेयर्स एका पेटीच्या कुलपावरून भांडत बसले होते, चौथा शेंगदाणा तोंडात टाकला तेव्हा कुठे एकीने विचारलं, "तू हे खातोयस का मोजतोयस?"