माळ्यावरचा टीव्ही गेम आणि भिंतीवरचा एलईडी

दिवाळीची साफसफाई उरकली की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा नूर पालटतो. मिक्सर-गिझर मागे पडतात आणि माळ्यावरून खाली उतरलेले टीव्ही गेम पुढे येतात. मीडियासारख्या नावांनी नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेली ही यंत्रं आतून एकाच घराण्यातली: जपानी निन्टेंडो कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम या टीव्ही गेमच्या नकला. या वेळचे सगळे प्रश्न त्यांचेच घेतले आहेत. आधीच सांगतो, निम्म्या तक्रारी गेमच्या नाहीतच, टीव्हीच्या आहेत.

गेम सापडला, अडॅप्टर हरवलाय. दुकानदाराने ९ व्होल्टचा दिला, पण दिवाच लागत नाही. गेम गेला का? (कळवा, ठाणे)

इतक्यात आशा सोडू नका. नुसते व्होल्ट जुळून भागत नाही. पिनचा आतला भाग अधिक की उणे, तेही जुळावं लागतं. मूळ फॅमिकॉमचा अडॅप्टर १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअरचा असतो आणि त्यात आतला भाग उणे, बाहेरचा अधिक. आज दुकानात मिळणारे बहुतेक अडॅप्टर याच्या बरोबर उलटे असतात. नकलांमध्ये दोन्ही तऱ्हा आढळतात, त्यामुळे अंदाजपंचे लावू नका. सॉकेटजवळ छापलेलं चिन्ह पाहा. ते पुसलं असेल तर तळाचे स्क्रू काढा. आत पत्र्याला टेकवलेला तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर दिसेल. त्याचा मधला पाय म्हणजे उणे. मल्टिमीटरने बीप लावून तो पाय सॉकेटच्या कोणत्या भागाशी जोडलाय ते बघा, की झालं काम. उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड आत असेल तर तुमच्या यंत्राला काहीही झालेलं नाही.

‘मग १२ चा लावून पाहू का’ असंही तुम्ही पुढे विचारलंय. नको. ७८०५ जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवून ५ व्होल्ट पुढे देतो. अर्धा अँपिअर खेचला जात असेल तर ९ व्होल्टवर २ वॅट उष्णता निघते, १२ वर साडेतीन. तो लहानसा पत्रा तेवढी उष्णता पेलेल असं नाही. आणि घरात जुना, हाताला जड लागणारा ९ व्होल्टचा अडॅप्टर असेल आणि तो मीटरवर नुसता १२-१३ दाखवत असेल तर फेकू नका. ट्रान्सफॉर्मरचे अडॅप्टर भार नसताना जास्तच दाखवतात.

नव्या टीव्हीवर कितीही चॅनल शोधले तरी गेम सापडत नाही. पिवळी वायर लावली तर चित्र येतं, पण ब्लॅक अँड व्हाइट. (नेरुळ)

अँटेनाच्या वायरीचा नाद सोडा. त्या वायरीतून गेम स्वतःचं छोटं ॲनालॉग प्रक्षेपण करतो. नव्या टीव्हीचा ट्यूनर नुसता डिजिटल असेल तर त्याला ते कळणारच नाही. तुमच्या यंत्राला पिवळी वायर आहे हे नशीब समजा.

रंग न येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण गंमतशीर आहे. अनेक एलईडीवर पिवळ्या वायरीचं भोक आणि कंपोनंटचं (चित्र तीन वायरींत विभागून देणारी जोडणी) हिरवं भोक एकच असतं. टीव्ही कंपोनंटवर असला की त्या वायरीतला फक्त उजेड-अंधार वाचतो, रंग सोडून देतो. इनपुटच्या यादीत जाऊन ‘एव्ही’ निवडा. तरीही रंग आला नाही तर सेटिंगमध्ये कलर सिस्टिम ‘ऑटो’ करा, म्हणजे पाल आणि एनटीएससी या दोन रंगपद्धतींचा घोळ मिटेल. टीव्हीला वेगळी भोकं नसून हेडफोनसारखं एकच भोक असेल तर त्याची वायर त्याच टीव्हीची हवी. सगळ्या कंपन्या आतल्या कड्यांचा क्रम सारखा ठेवत नाहीत.

मुलगी म्हणते, बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारतो. गेमचा रिमोट बदलू? (घोडबंदर रोड)

रिमोट बरा आहे. तुमचा टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, मोठं करतो, घासूनपुसून मग दाखवतो. त्यात जो वेळ जातो तीच ही दिरंगाई. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत हा प्रकार नव्हता, रेषा आली की पडद्यावर. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर चालू करा. स्वस्तातला एचडीएमआय कन्व्हर्टर मध्ये घातला असेल तर तो काढून पाहा, त्याची दिरंगाई वेगळी मोजली जाते.

बदकांच्या गेमची बंदूक एकदाही लागत नाही. लॅमिंग्टन रोडवरून दुसरी आणली, तीही तशीच. (ऐरोली)

तिसरी आणू नका.

बंदुकीतून पडद्याकडे काहीच जात नाही. उलट ती बघते. नळीत भिंग आहे आणि भिंगामागे उजेड ओळखणारा घटक. घोडा दाबला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. काळ्या पडद्याच्या वेळी अंधार आणि चौकोनाच्या वेळी उजेड, असं दोन्ही बंदुकीने पाहिलं तर नेम बरोबर. दोन बदकं असली तर चौकोन एकामागून एक येतात. उजेड कोणत्या वेळी दिसला त्यावरून कोणतं बदक पडलं ते ठरतं. लहानपणी ट्यूबलाइटवर नेम धरून बदकं पाडल्याच्या बढाया अनेकांनी मारल्यात. त्यांना आडवा येतो तो हाच काळा क्षण.

आता ही सगळी मांडणी पिक्चर ट्यूबवर उभी आहे. तिच्यात इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला साडेपंधरा हजारांहून जास्त आडव्या रेषा काढतो आणि मूळ बंदुकीचं सर्किट त्या लुकलुकीलाच ओळखायला बसवलेलं आहे, म्हणजे घरातल्या दिव्यांचा त्रास नको. एलईडीच्या पडद्यामागचा उजेड तसा लुकलुकतच नाही. शिवाय वर म्हटलेली दिरंगाई आहेच: गेम ‘उजेड दिसला का?’ असं विचारून मोकळा होतो, चौकोन त्यानंतर पडद्यावर उगवतो. बंदूक, कॅसेट, यंत्र, तिन्ही धडधाकट असून बदक पडणार नाही.

उपाय म्हणजे पिक्चर ट्यूबचा १४ इंची डबा टीव्ही. भंगारवाल्याला सांगून ठेवा, चालू स्थितीतले अजून येतात. फक्त त्याचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात.

कॅसेटमध्ये फुंकर मारली की चालते. हे बरोबर आहे का? (कोपरी)

चालते ती फुंकरीने नव्हे, काढून पुन्हा बसवल्याने. संपर्काच्या पट्ट्या घासल्या जातात आणि जोड लागतो. फुंकर उलट तोंडातली ओल त्या पट्ट्यांवर सोडते, आणि ओलीची आपल्याकडे आधीच कमी नाही. खाडीकाठच्या घरांतून येणाऱ्या कॅसेटच्या पट्ट्यांवर हिरवट थर असतोच. साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, मग कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि सुकू द्या. पॉलिश पेपर वापरू नका, मुलामा निघून गेला की कॅसेट दर पावसाळ्यात रुसेल.

सगळ्याच कॅसेट अडत असतील तर दोष यंत्रातल्या ६० पिनांच्या सॉकेटचा. एका चांगल्या, स्वच्छ कॅसेटच्या कडेला अल्कोहोल लावून ती आठ-दहा वेळा आत-बाहेर करा.

९९९९९९९-इन-१ कॅसेटमध्ये खरंच तेवढे गेम आहेत का? पैज लागली आहे. (पाचपाखाडी)

नाहीत. मोजके गेम, तेच वेगवेगळ्या पातळीवरून सुरू होतात आणि यादीत नव्या नावाने दिसतात. जेवण कोण देणार ते तुम्ही ठरवा.

वाशीत एक जण ‘ओरिजिनल’ म्हणून विकतोय, किंमत भारी सांगतोय. घ्यावा का? (सानपाडा)

मूळ फॅमिकॉम लाल-पांढरा. त्याचे दोन्ही रिमोट यंत्रालाच कायमचे जोडलेले, सुटे होत नाहीत. सुरुवातीच्या लाल-पांढऱ्या यंत्राच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्ट नाही, त्या जागी मायक्रोफोन आहे. हा मायक्रोफोन खरोखर चालतो का ते पाहा. नकलांमध्ये तो बहुधा नसतोच. आणि खरा निघाला तरी घेण्याआधी विचार करा. त्याला पिवळी वायर नाही, फक्त अँटेनाची, तीही जपानच्या १ आणि २ क्रमांकाच्या चॅनलवर. त्या लहरी ९० ते १०२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतात, जिथे आपल्याकडे एफएम रेडिओ वाजतो.

माझं मत विचाराल तर खेळायचं असेल तर नव्वदच्या दशकातली चांगली नक्कल घ्या. तिच्यात प्रोसेसर आणि चित्राची चिप वेगवेगळ्या, पाय असलेल्या. बिघडल्या तर बदलता येतात. हल्लीच्या स्वस्त यंत्रांत सगळं एका काळ्या गोळ्याखाली गाडलेलं असतं, तो गेला की यंत्र गेलं. आणखी एक: त्या जुन्या नकलांपैकी अनेकांच्या चिपमध्ये आवाजाच्या दोन लहरींची अदलाबदल झालेली आहे, त्यामुळे धून तीच पण तिचा पोत वेगळा लागतो. लहानपणी नकलेवर खेळला असाल तर मूळ यंत्राचा आवाजच तुम्हाला खोटा वाटेल. विकणाऱ्याकडे आतल्या बोर्डाचा फोटो मागा; तो देत नसेल तर पैसे काढू नका.