एलईडीचा अँगल कर्व्ह बरोबर टाकला, तरी लेन्सनंतरचा स्पॉट का जुळत नाही?

म्हणजे तुमचं म्हणणं असं की डेटाशीटमधला अँगलनुसार इंटेन्सिटीचा कर्व्ह झेमॅक्समध्ये (ऑप्टिक्स डिझाइनचं सॉफ्टवेअर) सोर्स रेडियलला, म्हणजे असा कर्व्ह घेणाऱ्या प्रकाशस्रोताला दिला, नुसत्या एलईडीचा बीम बरोबर येतोय, पण वर टीआयआर लेन्स (आतल्या आत पूर्ण परावर्तन करून प्रकाश गोळा करणारी) ठेवली की स्पॉट लॅबमधल्यापेक्षा फारच बारीक आणि तेज दिसतो. अगदी ओळखीचं दुखणं आहे हे.

आधी एक छोटी खात्री करून घ्या. लेन्स काढा, डिटेक्टर पोलर (अँगलनुसार इंटेन्सिटी दाखवणारा डिटेक्टर) लावा, पॉवर 100 लुमेन ठेवा. 120 अंशाचा साधा लँबर्शियन (अँगलच्या कोसाइनप्रमाणे प्रकाश कमी होत जाणारा) एलईडी असेल तर समोर 100 भागिले पाय म्हणजे साधारण 31.8 कँडेला यायला पाहिजे, 60 अंशावर त्याच्या निम्मे. आले तर कर्व्ह ठीक आहे, त्याच्या मागे लागू नका.

खरी गडबड अशी की तो कर्व्ह फक्त प्रकाश कुठल्या दिशेला किती जातो एवढंच सांगतो, तो निघतो कुठून हे सांगतच नाही, कारण तो लांबून मोजलेला असतो. सोर्सच्या आकाराच्या निदान पाचपट लांब असाल तर चालून जातं, पण टीआयआर लेन्समध्ये एलईडी खालच्या खड्ड्यात घुसलेला असतो, पहिला पृष्ठभाग एक-दोन मिलिमीटरवर, तिथे कसलं पाचपट! एक्स आणि वाय हाफ विड्थ शून्य ठेवली असेल तर सगळे किरण एका टिंबातून निघतायत आणि लेन्स टिंबाला छान गोळा करते, म्हणून तुमचा स्पॉट बारीक. (आणि हो, ती हाफ विड्थ आहे, मी एकदा पूर्ण रुंदी टाकून बसलो होतो.)

सगळ्यात चांगलं म्हणजे एलईडी कंपनीच्या साइटवरून रे-फाइल (किरणांची यादी) घ्या आणि झेमॅक्सच्या सोर्स फाइल या स्रोतात लावा, त्यात प्रत्येक किरणाची दिशा आणि सुरुवातीची जागा दोन्ही असतं. फक्त सोबतच्या कागदात शून्य बिंदू कुठे धरलाय ते बघा, नाहीतर किरण लेन्सच्या प्लास्टिकच्या आतूनच सुरू होतात आणि मग काय वाट्टेल ते दिसतं. आयईएस किंवा युलमडॅट फाइल (दिव्यांच्या प्रकाशाच्या डेटाचे फॉरमॅट) मिळाली म्हणून खूश होऊ नका, त्यातही अँगलचाच डेटा असतो, ती फाइल खोलीत फिक्स्चर लावून बघायला, लेन्स डिझाइन करायला नाही.

रे-फाइल नसेल तर जुगाड आहे. एलईडीतली प्रकाश देणारी चिप अर्धगोल सिलिकॉन डोमच्या मध्यावर असेल तर बाहेरून ती डोमच्या रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सइतकी (अपवर्तनांकाइतकी) पट मोठी दिसते, म्हणजे 1 मिलिमीटरची चिप साधारण 1.4 ते 1.5 ची. मग हाफ विड्थ 0.7 च्या आसपास द्या, सोर्स चिपच्याच पातळीवर ठेवा आणि मॉडेलमध्ये डोम अजिबात बनवू नका.

डोमचं मुद्दाम सांगतोय कारण माझं तिथेच हसं झालं होतं. पॅनेलवरच्या इंडिकेटरसाठी 5 मिलिमीटरचा, 30 अंशाचा गोल डोक्याचा एलईडी होता, मी हौसेने मॉडेलमध्ये त्याची अख्खी इपॉक्सी बॉडी बनवली, आत चिपच्या जागी रेडियल सोर्स ठेवला आणि त्याला डेटाशीटचा 30 अंशाचा कर्व्ह दिला. तो कर्व्ह बॉडीच्या बाहेर मोजलेला, म्हणजे आधीच गोळा झालेला बीम मी परत त्याच बॉडीतून गोळा करत होतो. चार दिवस मी लेन्सवाल्याला दोष देत होतो, शेवटी ज्युनिअर पोराने विचारलं, सर, हा डोम दोनदा का? काय सांगणार!

शेवटचा रन निदान 10 लाख किरणांवर घ्या, कारण नॉइज निम्मा करायला किरण चौपट लागतात. एवढं करूनही नाही जुळलं तर एलईडीचा नंबर आणि लेन्सचं त्याच्यापासूनचं अंतर इथे टाका, असेंब्लीत अर्धा मिलिमीटर वर-खाली झालं तरी टीआयआरचा स्पॉट बदलतो.