वाचक विचारतात : स्लाइडमधला व्हिडिओ गावात चालत नाही

प्रश्न : पराटीवरच्या (कपाशीवरच्या) गुलाबी बोंडअळीवर पॉवरपॉइंट केलं, त्यात यूट्यूबचे दोन व्हिडिओ टाकले. ऑफिसात बरोबर चालले. गावात ग्रामपंचायतीत लावलं तर नुसता काळा चौकोन. लॅपटॉप तोच, फाइल तीच. असं का?
— कृषी सहायक, ता. दारव्हा

उत्तर : ‘इन्सर्ट’मधल्या ‘ऑनलाइन व्हिडिओ’त लिंक टाकली की व्हिडिओ फाइलमध्ये येत नाही. येतो तो फक्त त्याचा पत्ता. खात्री करायची तर लिंक टाकण्याआधी आणि नंतर फाइलचा आकार बघा, जवळपास तेवढाच दिसेल. प्ले दाबल्यावर प्रत्येक वेळी व्हिडिओ नेटवरूनच येतो. घरून निघताना एकदा चालवून ठेवला म्हणून तो साठून राहत नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागतं, पण रेंज टिकली तरच. सेकंदाला एक मेगाबिट वेगाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण ७५ एमबी डेटा घेतो. हा डेटा फार नाही, पण तो वेग सलग मिळायला हवा. फोन खिशात न ठेवता खिडकीत ठेवा. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, नाहीतर ऐन कार्यक्रमात विंडोजचं अपडेट उतरायला लागतं आणि व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो.

आमचं मत विचाराल तर गावात जाताना व्हिडिओ फाइलमध्येच न्यावा. यूट्यूब ॲपमधलं ‘डाउनलोड’ इथे कामाचं नाही. तो व्हिडिओ ॲपमध्येच राहतो, स्लाइडमध्ये टाकता येत नाही. इतर साइटवरून परस्पर उतरवून घेणं यूट्यूबच्या नियमात बसत नाही. ज्यांचा व्हिडिओ आहे त्यांच्याकडे मूळ फाइल मागा. त्याहून बरं म्हणजे गावातल्याच पराटीतली डोमकळी मोबाइलवर टिपा. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं झालेलं फूल, ते हळूच उघडून आतली अळी : चाळीस सेकंद पुरे. आपल्याच शिवारातलं फूल दिसलं की मागच्या रांगेतलेही पुढे सरकतात.

फोन आडवा धरा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘एचईव्हीसी’ किंवा ‘हाय एफिशियन्सी’ असेल तर आधी बंद करा. त्या प्रकारचा व्हिडिओ बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर आवाज देतो, चित्र मात्र काळंच. पॉवरपॉइंटला एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेली एमपी४ फाइल मानवते. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबलं जाऊन अळी ओळखू येत नाही.

मग ‘इन्सर्ट – व्हिडिओ – धिस डिव्हाइस’. तिथल्या ‘लिंक टू फाइल’ला हात लावू नका, पेन ड्राइव्ह बदलला की व्हिडिओ हरवतो. नको तो भाग ‘ट्रिम’ने कापा आणि शेवटी ‘फाइल – इन्फो – कॉम्प्रेस मीडिया’मध्ये ७२० निवडा. कापलेला भाग तेव्हाच फाइलमधून खरा निघतो, म्हणून मूळ व्हिडिओ वेगळा जपून ठेवा. लिंकवाल्या व्हिडिओला हे ट्रिम लागू होत नाही.

प्रश्न : गुगल स्लाइड्समध्ये बारा मिनिटांच्या व्हिडिओतली दोनच मिनिटं दाखवायची आहेत. शिवाय एक व्हिडिओ स्लाइडमध्ये ‘अनअव्हेलेबल’ म्हणतो, पण यूट्यूबवर चालतो.
— शिक्षिका, जि. प. शाळा, ता. धारणी

उत्तर : व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट ऑप्शन्स – व्हिडिओ प्लेबॅक’ उघडा. ‘स्टार्ट ॲट’मध्ये ३:१०, ‘एंड ॲट’मध्ये ५:१० अशी वेळ टाका. जाहिरात आली तर ती इथून थांबवता येत नाही. दुसऱ्या व्हिडिओच्या मालकाने बहुधा तो बाहेर लावायला बंदी केली असावी. त्याला स्लाइडमध्ये उपाय नाही, लिंक देऊन यूट्यूबवरच उघडा. ड्राइव्हमधून टाकलेल्या व्हिडिओलाही नेट लागतं, आणि तो पाहण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. नुसतं प्रेझेंटेशन शेअर करून भागत नाही.

प्रश्न : प्रोजेक्टर लावला की लॅपटॉपचा आवाज बंद होतो.
— ग्रामसेवक, ता. कुरखेडा

उत्तर : एचडीएमआय जोडली की विंडोज आवाज प्रोजेक्टरकडे वळवतं. प्रोजेक्टरचा स्पीकर बारीक असतो, काहींना नसतोच. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून लॅपटॉपचा स्पीकर निवडा. मोठा स्पीकर लावायचा तर तो लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून जोडा. जुन्या व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही.