सरपंचाला पदावरून काढण्याची, कलम 39 ची फाइल उघडण्याआधी

अनेक आशीर्वाद.

जिल्हा परिषदेतला पंचायत विभागाचा टेबल तुझ्याकडे आला आणि आल्या आल्या सरपंच-सदस्यांविरुद्धच्या तक्रारींचा गठ्ठा समोर पडला, हे वाचून हसू आलं. बदलीची चाहूल लागली की त्या फायली निकाली निघत नाहीत, फक्त नीट बांधल्या जातात. उपमुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून रुजू होणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत त्याच गठ्ठ्याने होतं.

तू विचारलंस, खरी तक्रार आणि राजकारणातून आलेली तक्रार वेगळी कशी ओळखायची? त्या फंदात पडू नकोस. गावात सरपंचाविरुद्ध अर्ज कोण करणार? पडलेलं पॅनेल, उपसरपंचपद हुकलेला सदस्य, नाहीतर बिल अडलेला ठेकेदार. ज्याचं काहीच अडलेलं नाही, तो माणूस जिल्हा परिषदेत हेलपाटे घालत नाही. पण हेतू वाकडा आहे म्हणून कॅशबुकातली खाडाखोड सरळ होत नाही, आणि अर्जदार सज्जन आहे म्हणून आरोप सिद्ध होत नाही. अर्जाची झेरॉक्स घे आणि तिच्यावरची 'मनमानी', 'हुकूमशाही', 'लाखोंचा अपहार' ही सगळी विशेषणं खोडून टाक. मग कुठलं काम, कधीचं, कुठल्या ठरावाने, किती रकमेचं, एवढं मागे राहतंय का बघ. राहत असेल तर चौकशीला जागा आहे. नसेल तर अर्जदाराला तपशील मागणारं पत्र पाठव आणि त्याची पोच फाइलला लाव.

यानंतरचा प्रश्न असा की हे प्रकरण आपलं आहे का. निम्म्या फायली इथेच चुकतात. सरकारी जागेवर अतिक्रमण, थकलेली घरपट्टी, दोनपेक्षा जास्त अपत्यं, ग्रामपंचायतीच्या ठेक्यात हितसंबंध हे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मधले अपात्रतेचे विषय आहेत. त्यांचा निर्णय कलम 16 खाली जिल्हाधिकारी करतात. सदस्यांचा विश्वास उडाला असेल तर त्यासाठी अविश्वास ठराव आहे. पैसे खाल्ल्याचा पुरावा हाती असेल तर गुन्हा नोंदवण्यासाठी आपल्या अहवालाची वाट बघायचं कारण नाही. कर्तव्य बजावताना केलेलं गैरवर्तन, लज्जास्पद वर्तन, कर्तव्यातली हयगय किंवा असमर्थता मात्र कलम 39 मध्ये येते, आणि तिथे पदावरून काढायचा अधिकार विभागीय आयुक्तांचा असतो. आपण त्यांच्या आदेशाने चौकशी करतो आणि अहवाल देतो.

ही चौकशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या उपमुख्यांनी करायची असं कायदा सांगतो. विस्तार अधिकारी गावात जाऊन आले, गटविकास अधिकाऱ्यांनी अभिप्राय जोडला, ती झाली प्राथमिक चौकशी. त्यावर "सहमत" लिहून पुढे पाठवलं की आपलं काम झालं, असं समजणारे साहेब मी पुष्कळ पाहिले. असली प्रकरणं कोर्टात उभी राहत नाहीत, आणि खरा दोषी सरपंच गुलाल उधळत परत येतो. ग्रामपंचायतीला आणि संबंधित व्यक्तीला, दोघांनाही नोटीस काढ. नोटिशीत आरोप मुद्देसूद लिही आणि ज्या कागदांवर भिस्त आहे त्यांच्या प्रती सोबत दे. नोटीस घ्यायला नकार आला तर घराच्या दर्शनी भागावर चिकटवून पंचनामा कर. सुनावणीच्या प्रत्येक तारखेचा रोजनामा त्याच दिवशी लिही, हजर असलेल्यांच्या सह्या घे. अहवालाला महिन्याची मुदत आहे. पुढच्या तारखा देताना तेवढं लक्षात ठेव.

इतकी काटेकोर पद्धत कशाला, असं ऑफिसातले जुने लोक म्हणतील. ग्रामसेवकाला (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून कोणी म्हणत नाही) शिस्त व अपील नियम लागतात, तो आपला कर्मचारी. सरपंच आपला कर्मचारी नव्हे. त्याला लोकांनी बसवलंय. उरणच्या नगराध्यक्षांना पदावरून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये रद्द केला, तेव्हा हेच बजावलं होतं : निवडून आलेल्या माणसाला सरकारी नोकराच्या मापाने मोजता येत नाही, कारणं द्यावी लागतात, पद्धत पाळावी लागते. त्या प्रकरणाला नगरपरिषदांचा कायदा लागू होता, पण तत्त्व आपल्यालाही तंतोतंत लागतं.

महिला सरपंच असेल तर जास्त सावध राहा. 2011 पासून आपल्याकडे निम्म्या जागा महिलांच्या आहेत आणि कित्येक गावांना ते अजून पचलेलं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचांना सरकारी जागेवरच्या घरात राहतात या आरोपावरून अपात्र ठरवलं होतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं आणि गावाच्या व प्रशासनाच्या वृत्तीवर कडक ताशेरे ओढले. तो निकाल मुळातून वाच. याची दुसरी बाजूही असते. नवरा कारभार बघतो, चेकवर सही हिची, आणि वसुली निघाली की तीही हिच्याच नावावर. म्हणून नोटीस तिच्याच हातात दे, जबाब तिचाच घे. "तिला काही कळत नाही साहेब, मी सांगतो," म्हणत सरपंचपती आत येतील. त्यांना चहा पाज, पण बाहेरच्या बाकावर. बाई एकट्या बसल्या की किती नेमकं बोलतात ते तुला दिसेल.

आणि प्रत्येक चूक पद घालवण्याइतकी नसते. मासिक सभेचं इतिवृत्त उशिरा लिहिलं, तीन कोटेशनं एकाच हस्ताक्षरातली निघाली, काम झालंय पण मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही. यातलं काही वसुलीने भागतं, काही समज देऊन. अहवालात प्रत्येक आरोपापुढे सिद्ध, अंशतः सिद्ध की असिद्ध ते लिही आणि का ते दोन ओळींत सांग. "एकंदरीत दोषी आढळतात" हे वाक्य तुझ्या हातून कधी जाऊ देऊ नकोस. फोन येतील, आमदारांच्या पीएचेही येतील. ऐकून घे, "लेखी द्या" म्हण. बहुतेक जण देत नाहीत.

आता तू लिहिलेली ती पाइपलाइनची फाइल : सरपंचाने मेहुण्याच्या फर्मला काम दिलं आणि काम न होताच बिल काढलं, असा आरोप. मेहुण्याच्या फर्मला काम दिलं एवढ्यावर सरपंचाचा हितसंबंध ठरत नाही. पैसे पुढे कुठे गेले, सरपंच भागीदार आहेत का, ठरावाच्या सभेत सूचक-अनुमोदक कोण होते, हे आधी बघावं लागेल. आणि हितसंबंध निघालाच तर तो भाग जिल्हाधिकाऱ्यांकडचा. आपल्याकडे राहतं ते काम न होता काढलेलं बिल. शाखा अभियंत्यांकडून मोजमाप पुस्तिका आणि ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही) मूळ प्रतीत, पानांवर क्रमांक टाकून, सोमवारच्या आत ताब्यात घे. नोटीस त्यानंतर काढ. आधी काढलीस तर पुस्तक हरवल्याची पोलीस ठाण्यातली पोच तुझ्या हातात पडेल.

तुझा,
जुना साहेब