खापरपणजोबांचं फक्त नाव आणि गाव माहीत असेल, तर त्यांचा माग कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की खापरपणजोबा १८५० च्या सुमारास सातारा जिल्ह्यात जन्मले आणि हाती फक्त नाव-गाव आहे. माझं स्पष्ट मत आहे, आधी खापरपणजीला शोधा. आमच्या भावकीत यावरून आजही वाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. तालुका आज सांगलीत, पण १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. तुमच्याही गावाचा जिल्हा बदललाय का, ते पाहून ठेवा. आमच्याकडं हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी राखणारे फिरते लोक, येतात. वही उघडून वंशावळ वाचतात, नवीन पोरांची नावं चढवतात, धान्य-पैसे घेऊन पुढच्या घरी जातात. मी लहान असताना एकदा वाचन खापरपणजोबांच्या नावाशी आलं आणि आजी मधेच म्हणाली, "दुष्काळात त्यो गेला, रान म्हातारीनं राखलं. तिचं नाव न्हाई का त्यात?" थोरले चुलते सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसले, "बायकांची नावं वंशावळीत नसत्यात." आजी उठून आत गेली.

पुढं त्याच चुलत्यांनी वंशावळ छापून भावकीत वाटली. वर ढाल-तलवार, आणि खापरपणजोबा सरदाराच्या पदरी लढताना पडले असा मजकूर. सातारचं राज्य १८४८-४९ मध्ये खालसा झालं तेव्हा हा माणूस पाळण्यात होता. कुठला सरदार आणि कुठली लढाई?

वडील गेल्यावर वारसाच्या कामासाठी मी जुन्या नकला काढायला लागलो. सातबारा आणि फेरफार विसाव्या शतकापलीकडं नेत नाहीत. त्याच्या मागचं सगळं भूमी अभिलेखच्या दप्तरात, इंग्रजांच्या काळातल्या जमीन मोजणीच्या कागदांत असतं: शेतवारपत्रक, क्लासर रजिस्टर, उल्ला प्रतिबुक, रिव्हिजन प्रतिबुक. बहुतेक मोडी लिपीत, त्यामुळं वाचणारा माणूस पैसे देऊन गाठावा लागतो. नावामागं 'बिन' असेल तर पुढचं नाव बापाचं, 'कोम' असेल तर नवऱ्याचं. त्या काळी धारा, म्हणजे शेतसारा, मोजणी करून तीस वर्षांसाठी ठरायचा, म्हणजे दोन मोजण्यांच्या मधे एक अख्खी पिढी सरकते. आमच्या पहिल्या मोजणीत खापरपणजोबांच्या वडिलांचं नाव आहे. पुढच्या मोजणीत, १८७६-७८ चा दुष्काळ होऊन गेल्यावर, त्याच रानावर थेट खापरपणजीचं नाव. त्याचं स्वतःचं खातं कुठंच नाही. सरकारी कागदात तो माणूस एकदाच येतो, आणि तो तिच्या नावामागं. आजी म्हणाली होती ते अक्षरशः खरं निघालं. दुष्काळात लोक गुरंढोरं सोडून गाव सोडत होते तेव्हा या बाईनं धारा भरत राहून जमीन हातची जाऊ दिली नाही, म्हणून आम्ही आज त्या गावचे आहोत. चुलत्यांना नक्कल दाखवली. "सरकारी कागदात कायबी असतंय," म्हणाले.

तुमच्यासाठी बाकीचं थोडक्यात. तहसीलमध्ये कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, मागा; त्यात जन्म-मृत्यू असतात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून हीच दप्तरं राज्यभर चाळली गेली आणि अनेक जिल्ह्यांनी स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली, तिथं आधी बघा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडं गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते. कागदावरचं साल शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, फसली असेल तर साधारण ५९०.

हेळवी सगळीकडं नसतात, कोकणात किंवा विदर्भात त्यांच्यावर विसंबू नका. एकाच गावात एकाच नावाचे दोघे-तिघे असतात, तेव्हा सर्व्हे नंबर आणि भावांची नावं जुळल्याशिवाय कुणाला आपला म्हणू नका. जमीन नसलेल्या घराला प्रतिबुकाचा काही उपयोग नाही, त्यांनी कोतवाल बुकापासूनच सुरुवात करावी.

आणि घरात कुणी छापील वंशावळ पुढं केली तर त्यातल्या प्रत्येक पुरुषाशेजारी बायकोचं नाव आणि तिचं माहेर लिहायला लावा. माहेरचं गाव कळलं की शोधायला आणखी एक दप्तर मिळतं. "बायकांची नावं नसतात" म्हणणाऱ्याला विचारा, मग रान कुणाच्या नावावर होतं?