'आपला क्लब' म्हणजे नक्की कोणाचा?

प्रश्न असा आलाय: "मॅन्चेस्टर युनायटेडबद्दल वाद चालू असताना मी लिहिलं की आपण काल फारच घाबरून खेळलो, तर एकाने लगेच टोकलं, 'आपण म्हणजे कोण? तू होतास का मैदानात?' इथे आम्ही म्हणायला हवं होतं का, की सरळ ते? आणि अजून एक, ग्लेझर मंडळींना क्लबचे मालक म्हणताना तोंडात कसंतरीच होतं, ओनरला मराठीत दुसरा शब्द नाही का?"

आधीच सांगून टाकतो, मी आर्सेनलवाला आहे, त्यामुळे युनायटेडच्या दुःखात मला थोडी मजा येते, ती वजा करून वाचा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर समोर कोण होतं त्यावर आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' दोन्ही म्हणजे 'वी', पण 'आपण'मध्ये ऐकणारा धरलेला असतो आणि 'आम्ही'मध्ये तो बाहेर असतो. आपण जेवायला जाऊ म्हटलं की तुम्हीपण चला, आम्ही जेवायला जातोय म्हटलं की तुम्ही बसा. हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की ही काही खास सोय आहे हे लक्षातच येत नाही. गुजरातीत आहे, तमिळ-तेलुगूत आहे, प्रमाण हिंदीत नाही, इंग्लिश, जर्मन, स्पॅनिशमध्ये तर नाहीच. मराठीत ती द्रविड भाषांच्या सहवासातून आली असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे युनायटेडच्याच माणसाशी बोलत असाल तर 'आपण घाबरून खेळलो' शंभर टक्के बरोबर, आणि लिव्हरपूलवाल्याशी बोलत असाल तर 'आम्ही घाबरून खेळलो'. आता तो टोकणारा जर मॅन्चेस्टर सिटीचा, म्हणजे त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबचा असेल तर त्याचं टोकणं मला पटतं, फक्त त्याने दिलेलं कारण पटत नाही. तुम्ही मैदानात नव्हता हा मुद्दाच नाही हो, तुम्ही त्याला न विचारता युनायटेडमध्ये घेऊन टाकलंत, राग त्याचा यायला हवा होता!

मैदानात नसणारा 'आम्ही' म्हणू शकतो का हा वेगळाच वाद आहे आणि तो सगळ्या भाषांत चालतो, मराठीचा त्यात दोष नाही. पण इंग्लिशमधला फॅन 'वी' म्हणतो तेव्हा त्यात कोण आत नि कोण बाहेर हे कळत नाही, मराठीत लपवता येत नाही. जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबचं ते प्रसिद्ध ब्रीद 'मिया सान मिया' घ्या, बव्हेरियन बोलीत शब्दशः 'वी आर वी'. याचं मराठी करताना कोणी 'आपण म्हणजे आपण' करणार नाही, 'आम्ही म्हणजे आम्ही' असंच होणार, कारण त्यातला सगळा तोरा समोरच्याला बाहेर ठेवण्यात आहे. 'आपण म्हणजे आपण' केलं तर ते एकदम गळ्यात गळा घातल्यासारखं होतं आणि बायर्नची तेवढी भीती वाटत नाही.

आता यात एक गोची आहे. बोलीत 'आपण' म्हणजे नुसता 'मी' सुद्धा असतो. "आपण काय कोणाला घाबरत नाय", "आपण पक्के बार्सावाले" यात बोलणारा एकटाच आहे, बहुतेक कॉलर वर करून. शिवाय आदराने बोलताना आपण म्हणजे तुम्ही. म्हणून 'आपण काल हरलो' वाचून कोणी गोंधळला तर मी त्याला माफ करीन, हा शब्द मूळ आत्मन् पासून आलाय, प्राकृतात अप्पण वगैरे होत होत, म्हणजे मुळात 'स्वतः', आणि त्यातून सगळे अर्थ फुटलेत. हे 'स्वतः'वालं मूळ लक्षात ठेवा, पुढे ग्लेझरपाशी ते कामाला येणार आहे.

'ते'चं म्हणाल तर व्याकरण कुठेच अडवत नाही, पण कधी वापरतात ते बघा. जिंकल्यावर आपण जिंकलो आणि हरल्यावर ते हरले, हे सगळीकडे चालतं. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डीनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये यावर अभ्यास छापला होता, तो त्यांच्या हातात धरायच्या फुटबॉलचा होता पण माणसं तीच, विद्यार्थी आपल्या युनिव्हर्सिटीची टीम जिंकल्यावर 'वी' जास्त म्हणतात आणि हरल्यावर कमी. तुम्ही वाईट खेळून झाल्यावरही 'आपण' म्हणालात म्हणजे खरे पाठीराखे आहात. (पाठीराखा हा शब्द मला चाहत्यापेक्षा कधीही जास्त आवडतो. चाहता कोणालाही चाहू शकतो, पाठ राखायला उभं राहावं लागतं. इटालियन लोक फॅनला तिफोझो म्हणतात, ते टायफस या तापाच्या नावावरून आलंय, आणि तेही एका अर्थी बरोबरच आहे.)

मालकाकडे येण्याआधी थोडं खेळण्याच्या पद्धतीबद्दल, कारण तुमच्या वाक्यात 'घाबरून खेळलो' होतं आणि असल्या वादात कोणीतरी हमखास म्हणतं की "हा आपला गेमच नाही". इथला 'आपला' फार गमतीचा आहे, तो कालच्या अकरा जणांचा नसतोच, तो वारशाचा असतो. यासाठी स्टाईलला शैली म्हणणं मला अपुरं वाटतं. शैली माणसाची असते, कोच गेला की त्याची शैली त्याच्याबरोबर जाते. मॉरिन्योची शैली त्याच्यासोबत पोर्तोहून चेल्सी, इंटर, माद्रिद असं फिरली. पण अयॅक्स या डच क्लबात कोच रिनस मिशेल्स, त्याच्या हाताखाली योहान क्रॉयफ, मग क्रॉयफ बार्सिलोनाचा कोच झाला तेव्हा त्याच्या टीममध्ये मधोमध ग्वार्डिओला, आणि ग्वार्डिओला कोच झाल्यावर त्याच्या टीममध्ये चावी, जो पुढे स्वतः बार्सिलोनाचा कोच झाला, याला घराणं म्हणा की! गुरू-शिष्य आहेत, तालीम आहे, बॉल कसा घ्यायचा याचे नियम आहेत, आणि कोणी वेगळं गायला लागला की नाकं मुरडणारे जुने श्रोतेही आहेत. इटालियन 'कातेनाच्चो'ला, म्हणजे आधी बचाव पक्का करायच्या खेळाला, तर भाषांतराचा प्रश्नच नाही, त्याचा अर्थच दाराची कडी किंवा अडसर. एलेनियो एरेराच्या इंटरने १९६४ आणि १९६५ ला युरोपियन कप जिंकला तो हा अडसर लावून.

फक्त घराणं म्हणताना एक सावधगिरी. आम्ही आर्सेनलवाले ऐटीत सांगतो की सुंदर फुटबॉल ही आमची परंपरा, आणि ती परंपरा वेंगर १९९६ ला कोच म्हणून आला तेव्हाची आहे. त्याच्या आधी जॉर्ज ग्रॅहमच्या काळात दुसऱ्या टीमचे फॅन आम्हाला 'बोरिंग, बोरिंग आर्सेनल' म्हणून चिडवायचे आणि १९९०-९१ ला आम्ही ३८ मॅचमध्ये फक्त १८ गोल खाऊन लीग जिंकलो. त्या काळातला पाठीराखा 'आपला गेम' म्हणाला तर त्याच्या डोळ्यासमोर वन-निल, म्हणजे एकच गोल करून जिंकणं, येणार. म्हणजे 'आपला गेम' मध्ये किती मागचं धरायचं हे बहुतेकदा बोलणारा कधी बघायला लागला त्यावर ठरतं.

आता मालक. तुमच्या तोंडात कसंतरी होतं याचं कारण 'मालक' शब्दात नाहीये, मराठीत 'असणं' कसं सांगतात त्यात आहे असं मला वाटतं. आपल्याकडे इंग्लिशसारखं एकच 'हॅव' क्रियापद नाही. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे गाडी आहे. माझ्याजवळ सुटे आहेत. नात्याला 'ला', वस्तूला 'कडे', अंगावर असेल तर 'जवळ'. 'माझ्याकडे भाऊ आहे' म्हणून बघा, तो चार दिवस राहायला आलाय असं वाटेल. आता क्लबचं बघा. चेल्सी २००३ पासून अब्रामोविचकडे होता, २०२२ ला टॉड बोली आणि क्लिअरलेक या गुंतवणूक कंपनीकडे गेला, हे वाक्य कुठेही खटकत नाही. पण कुठलाच पाठीराखा 'माझ्याकडे चेल्सी आहे' म्हणणार नाही, तो 'माझा क्लब' म्हणणार, जसं माझा भाऊ, माझं गाव. 'कडे' असलेली वस्तू उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकते, भाऊ विकता येत नाही. माझ्या मते फॅन विरुद्ध मालक हा सगळा झगडा 'माझा' आणि 'माझ्याकडे' यांचा आहे.

म्हणून ओनरला 'मालक' खुशाल म्हणा, दुसरा शब्द शोधू नका. विश्वस्त वगैरे म्हणून त्यांना उगाच पवित्र करू नका, तो शब्द क्लबचे लोकच स्वतःबद्दल वापरत असतात आणि तिकिटं महाग करायच्या आधी जास्त वापरतात. पण जिथे मालक नाही तिथे म्हणू नका ही विनंती. फ्लोरेन्तिनो पेरेझ रिआल माद्रिदचा मालक आहे असं सर्रास लिहितात, तो अध्यक्ष आहे, सभासदांचा. स्पेनमध्ये १९९० च्या कायद्याने बाकी व्यावसायिक क्लबांना कंपन्या व्हावं लागलं, त्यातून रिआल माद्रिद, बार्सिलोना, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार सुटले. तिथल्या 'सोसियो'ला आपला साधा 'सभासद' चपखल बसतो, वर्गणी भरतो, अध्यक्षाला मत देतो. बार्सिलोनाचे असे सभासद लाखाच्या वर आहेत. जर्मनीत तर क्लबसाठी शब्दच 'फेराइन', त्याला मी 'संस्था' किंवा 'मंडळ' म्हणेन, आणि तिथला ५०+१ नियम म्हणजे मतांचं बहुमत मंडळाकडेच राहिलं पाहिजे. राहिलं पाहिजे म्हणजे कागदावर. लाइपझिगचा क्लब २००९ ला निघाला तेव्हा प्रायोजकाचं, म्हणजे रेड बुलचं, नाव चालणार नव्हतं म्हणून आर आणि बी ही अक्षरं जुळवायला 'राझनबॉलस्पोर्ट' असा शब्द घडवला, हिरवळीवरच्या बॉलचा खेळ, आणि मत देणारे सभासद अगदी मूठभर ठेवले. शब्द घडवून नियमातून सुटायची ही कला बघून शब्दप्रेमी म्हणून मी टाळी वाजवू की फुटबॉलप्रेमी म्हणून डोकं धरू ते कळत नाही.

'वाले' आणि 'कर' यांचंही बघण्यासारखं आहे. लिव्हरपूलवाला म्हणजे पाठीराखा, लिव्हरपूलकर म्हणजे तिथे राहणारा, आणि लिव्हरपूलकर एव्हर्टनवाला, म्हणजे त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबचा, असू शकतो. बहुतेक क्लबांत निदान सुरुवातीला वाले आणि कर एकच होते. विम्बल्डनचा क्लब २००३ मध्ये उचलून साधारण ९० किलोमीटरवर मिल्टन कीन्सला नेला आणि हे दोन प्रत्यय एका दिवसात वेगळे झाले. विम्बल्डनच्या लोकांनी आधीच, २००२ लाच, एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढला होता, पार खालच्या लीगपासून सुरुवात केली, २०२० ला प्लाउ लेनला, आपल्या जुन्या भागात, परत आले, आणि तिकडे गेलेल्या क्लबला ते अजून तुच्छतेने 'फ्रँचायझी' म्हणतात. आपण क्रिकेटमुळे फ्रँचायझी शब्द इतका सहज वापरतो, पण इंग्लिश फुटबॉलवाल्यांसमोर ती शिवी आहे, भाषांतर करताना सांभाळा.

आणि आता ते राखून ठेवलेलं 'स्वतः'. हे वाक्य वाचा: "ग्लेझरनी २००५ ला आपला क्लब कर्जात घातला." कोणाचा क्लब? व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे कर्ता ग्लेझर, म्हणून 'आपला' म्हणजे त्यांचा स्वतःचा. बोलणारा युनायटेडवाला असेल तर 'आपला' म्हणजे तुमचा-माझा. दोन्ही वाचन बिनचूक मराठी आहे! सुमारे ७९ कोटी पौंडांचा तो व्यवहार, त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलेलं, आणि त्यावरून चाललेलं सगळं भांडण, निषेधाचे हिरवे-सोनेरी स्कार्फ, काही जणांनी वेगळं होऊन काढलेला एफसी युनायटेड हा नवा क्लब, हे सगळं त्या एका 'आपला'च्या दोन अर्थांत बसतं. मालक म्हणतो आपला आहे, काय वाटेल ते करीन. फॅन म्हणतो आपला आहे, असं कसं करशील. गोंधळ नको असेल तर पहिल्या अर्थाला 'स्वतःचा' वापरा आणि दुसऱ्याला 'आपल्या सगळ्यांचा', पण मी म्हणेन राहू दे गोंधळ, तो खरा आहे.

उलटंही होतं म्हणा. न्यूकासलचा माइक अ‍ॅश्ली चौदा वर्षं मालक होता आणि फॅनच्या बोलण्यात शेवटपर्यंत 'तो'च राहिला, २०२१ ला सौदीचा पैसा आला तर स्टेडियमबाहेर नाचणाऱ्यांनी नव्या मालकांना पहिल्या दिवसापासून 'आपण'मध्ये घेतलं. आत घ्यायचं की नाही हे पैसा कुठे चाललाय, क्लबात की क्लबातून, त्यावर ठरतं बहुधा.

आमचं सांगतो. आर्सेनलमध्ये २०१८ पर्यंत असे काही साधे पाठीराखे होते ज्यांच्या नावावर क्लबचा शेअर होता, कोणाकोणाकडे तर एकच. म्हणजे ते 'माझा क्लब' आणि 'माझ्याकडे क्लब आहे' ही दोन्ही वाक्यं खरी बोलू शकत होते, दुसरं अगदी नखाएवढं का होईना. मग मुख्य मालक स्टॅन क्रोंकीने दुसरा मोठा भागधारक उस्मानोव्ह याचा हिस्सा घेतला, नव्वद टक्क्यांच्या वर गेला, आणि कायद्याप्रमाणे उरलेल्या सगळ्यांना आपले शेअर त्याला विकावेच लागले. 'कडे' गेलं, पैसे मिळाले. आणि इथेही मी 'आपले शेअर' लिहिलंय, पण यावेळी त्या 'आपले'चा एकच अर्थ लागतो.